खाणीचें पाणी आणि ओढ्यांतील किडे



अमेरिकेंतील पेनसिल्व्हानिया प्रांतांत स्क्रँटन नांवाचें शहर आहे. अँथ्रासाइट कोळशाच्या बळावर तें वाढलें. १८६८ सालीं सँडरसन कुटुंबानें तेथें मेडो ब्रूक ओढ्याकांठीं जमीन घेतली, ती त्याचें पाणी निर्मळ म्हणूनच. बांध घालून त्यांनीं माशांचें तळें केलें व नळानें तेंच पाणी घरांत नेलें. पुढें ओढ्याच्या वरच्या अंगास खाण निघाली आणि तींतून उपसलेलें पाणी ओढ्यास मिळूं लागलें. थोड्याच वर्षांत मासे मेले, नळ गंजले आणि त्या पाण्याचा वापर सोडून द्यावा लागला.

सँडरसनबाई न्यायालयांत गेल्या. १८७८ सालीं प्रांताच्या सर्वोच्च न्यायालयानें त्यांच्या बाजूनें कौल दिला. परंतु १८८६ सालीं त्याच न्यायालयानें तो फिरविला. कंपनीनें पाण्यांत कांहीं मिसळलें नाहीं, भूमीच्या पोटांतील पाणी तेवढें वर आणलें. शिवाय एवढ्या मोठ्या धंद्यापुढें एका व्यक्तीची गैरसोय क्षुल्लक होय, असा निकालाचा आशय होता.

येथें रसायनशास्त्राचें म्हणणें निराळें पडतें. कोळशासोबत पायराइट नांवाचें लोह व गंधक यांचें खनिज असतें. खाण उघडली म्हणजे त्यास हवा लागते आणि पाण्याच्या संगतीनें गंधकाम्ल तयार होतें. ही क्रिया सूक्ष्म जंतु फार वेगानें घडवितात, हें कोल्मर व हिंकल यांनीं १९४७ सालीं दाखविलें. म्हणजे पाणी भूमीचें असलें, तरी त्यांतील आम्लता बहुतांशीं खोदकामाची होती.

मासा मेलेला डोळ्यांस दिसतो. तो ज्यांवर जगतो ते किडे नाहींसे झालेले कोणास दिसत नाहींत. स्वच्छ ओढ्यांतला दगड उलटून पाहावा, तर त्याला मेफ्लाय व स्टोनफ्लाय यांचीं पिलें चिकटलेलीं आढळतात. पाणी आम्ल झालें कीं त्यांच्या शरीरांतील क्षार निघून जाऊं लागतात, आणि लोहाचा गेरूसारखा साका कल्ल्यांवर व दगडांच्या फटींत बसून श्वास आणि आसरा दोन्ही हिरावतो. रोबॅक व रिचर्ड्सन यांनीं १९६९ सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत, सतत आम्ल असलेल्या पाण्यांतून चतुर, मेफ्लाय आणि स्टोनफ्लाय यांचीं पिलें नाहींशीं झालेलीं दिसलीं. आल्डरफ्लाय व कायरोनोमस यांच्या अळ्या मात्र तग धरून होत्या. म्हणून किड्यांच्या नुसत्या संख्येवर भुलूं नये. जाती किती उरल्या तें मोजावें.

कायद्यास हें उमगण्यास वेळ लागला. प्रांताच्या १९३७ च्या जलशुद्धीच्या कायद्यानेंहि खाणीच्या पाण्यास सूट दिली होती. ती १९६५ सालीं काढून घेण्यांत आली. तोंपर्यंत कित्येक खाणी बंद पडल्या होत्या आणि जाब विचारावा असा मालक उरला नव्हता. अशा खाणींतून पाणी मात्र वाहतच राहिलें. आतां कांहीं ठिकाणीं तें चुनखडीवरून नेऊन त्याची आम्लता मारतात. मग शेजारच्या निर्मळ ओहोळांतून मेफ्लाय हळूहळू परत येतात. न्यायालयांत ज्यांची साक्ष कोणी काढली नव्हती, तेच किडे आतां ओढा बरा झाला कीं नाहीं हें सांगतात.