एकाच्या होकारावर

फोनवरचे बोलणे दोघांचे असते. मग ते तिसऱ्याच्या कानावर घालायला एकाचा होकार पुरतो का? खासगीपणाच्या आजच्या वादात कंपन्यांची नावे नवी आहेत. हा प्रश्न मात्र मुंबईच्या एका खटल्यात साठ वर्षांपूर्वीच उभा राहिला होता.

ऑक्टोबर १९६४. मुंबईचे कॉरोनर, म्हणजे अपमृत्यूंची चौकशी करणारे अधिकारी, आर. एम. मलकानी यांनी एका रुग्णाच्या मृत्यूप्रकरणी लाच मागितल्याची तक्रार होती. लाचलुचपतविरोधी पोलीस एका डॉक्टरच्या घरी गेले, टेलिफोनला टेपरेकॉर्डर जोडला आणि डॉक्टर कॉरोनरशी बोलले. पलीकडे याचा पत्ताच नव्हता. १८८५ च्या तार कायद्याचा भंग झाला, हा बचाव सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २२ सप्टेंबर १९७२ रोजी न्यायालयाने तो फेटाळला. डॉक्टरने राजीखुशीने यंत्र जोडू दिले, एवढे पुरे झाले. लाचखोर सापडल्याचे दुःख कोणी करू नये. निरपराध नागरिकाचे संभाषण न्यायालय जपेल, असेही निकालात आहे. पण निरपराध कोण, हे ऐकण्याआधी कसे ठरवायचे?

पुढे २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा मूलभूत हक्क ठरवला. त्याच्या आधारे मुंबई उच्च न्यायालयाने २२ ऑक्टोबर २०१९ रोजी, पुन्हा एका लाचेच्याच प्रकरणात, फोन टॅपिंगचे तीन आदेश रद्द केले आणि ध्वनिमुद्रणे नष्ट करायला सांगितली.

आठवडाभरातच, २९ ऑक्टोबरला, व्हॉट्सॲपने कॅलिफोर्नियात इस्रायलच्या एनएसओ कंपनीवर दावा लावला. पेगाससने सुमारे १४०० जणांना लक्ष्य केल्याचा आरोप होता. भारतात ज्यांना इशारे आले, त्यांत भीमा-कोरेगाव प्रकरणातील नागपूरचे वकीलही होते. पाळत कोणी ठेवली, हे वर्तमानपत्रांनी लावून धरले, ते योग्यच. फिर्यादी कंपनी स्वतः काय गोळा करते, हा प्रश्न मात्र मागे पडला. २०२१ च्या नव्या अटींवरून तो पुन्हा वर आला आणि १८ नोव्हेंबर २०२४ रोजी स्पर्धा आयोगाने मेटाला २१३.१४ कोटींचा दंड ठोठावला.

आमच्या भिवंडीत ट्रंक कॉलवर सुताचा भाव विचारताना ऑपरेटरच्या कानाचा विचार करावा लागे. आता यंत्रमागवाला दलालाशी, डाइंगवाल्याशी, टेम्पोवाल्याशी व्हॉट्सॲपवर बोलतो. संपर्कयादी उघडायची परवानगी तो एकदाच देतो आणि यादीतले सगळे नंबर कंपनीकडे जाऊ लागतात. त्यांत ते ॲप कधी न घेतलेलेही असतात. १९६४ च्या डॉक्टरला निदान यंत्र कोणाचे आणि कशासाठी, हे ठाऊक होते. ॲप न वापरणाऱ्यांचे नंबर त्यांची ओळख पटणार नाही अशा रूपात ठेवतो, असे कंपनी सांगते. तेही अटींच्या त्या लांबलचक मजकुरात, जो दलालापुढे कधी येतच नाही.