सांध्यांचा सर्व्हे आणि श्वासाचा प्रश्न

समजा, जुन्नर-आंबेगावच्या डोंगरपट्ट्यात तुम्ही सर्व्हेला गेलात. एका बाईची बोटं सुजलीत आणि चढावर तिला दमही लागतो. या दोन तक्रारी तुम्ही जोडून पाहाल का?

प्रश्न जुना आहे. १९४८ मध्ये एलमन आणि बॉल यांनी आमवाताच्या रुग्णांच्या फुप्फुसातले बदल नोंदवले. १९५३ मध्ये कॅपलन यांना वेल्समधल्या आमवात असलेल्या खाणकामगारांच्या एक्स-रेत वेगळ्याच गोल गाठी दिसल्या. म्हणजे धूळ आणि आजार मिळून चित्र बदलत होतं.

आपल्याच जिल्ह्यात, भिगवणला, १९९६ मध्ये डॉ. अरविंद चोप्रा यांच्या पथकाने घरोघरी जाऊन कॉपकॉर्ड सर्व्हे सुरू केला. त्याचा रोख दुखणं आणि अपंगत्व यांवर होता. तुमचा रोख श्वासावर असेल, तर प्रश्नावलीही बदलावी लागेल.

इथे खरी मेख आहे. चुलीच्या धुरानेही दम लागतो. त्यामुळे आमवाताने फुप्फुस कडक होत असलं, तरी दोष चुलीवर किंवा वयावर जातो. म्हणून चूल, तंबाखू, कोरडा खोकला हे सगळं वेगवेगळं विचारा.

२०२३ च्या अमेरिकन मार्गदर्शक सूचना जोखमीच्या रुग्णांना पीएफटी आणि एचआरसीटी सुचवतात. चाळणीसाठी साधा एक्स-रे नको म्हणतात. मग गावातून सीटी मशीनपर्यंत कोण नेणार, खर्च कोणाचा? हे प्रस्तावातच लिहा. पुढची वाट नसेल, तर चाळणी करून त्या बाईला फक्त काळजी मिळेल.