पेटंट आणि पथ्यपाणी

औषध महाग का, याचे उत्तर ते बनविण्याच्या खर्चात शोधण्याची आपली रीत आहे. काळीकाठी वसलेल्या आपल्या जुन्या घरांतूनही हाच समज आढळतो. इतिहास मात्र निराळे सांगतो.

१९११च्या ब्रिटिश कायद्याने औषधद्रव्यावरच पेटंट मिळे. न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांच्या १९५९च्या अहवालानंतर १९७०चा कायदा आला. औषधाच्या केवळ कृतीवर पेटंट उरले. निराळ्या कृतीने तेच औषध बनविण्यास मोकळीक मिळाली. म्हणूनच मुंबईच्या सिप्लाला २००१ साली एड्सवरील वर्षाची औषधे ३५० डॉलरला देऊ करता आली; पाश्चात्त्य देशांत तेव्हा दहा हजारांहून अधिक डॉलर पडत. पुढे जागतिक व्यापार करारापायी १ जानेवारी २००५पासून द्रव्यावरील पेटंट वीस वर्षांच्या मुदतीने परतले. संसदेने त्यासोबत कलम ३(डी) घातले : जुन्याच द्रव्याच्या नव्या रूपाचा गुण वाढलेला नसेल, तर त्यास पेटंट नाही.

या कलमाचे मोल बेडाक्विलिनने दाखविले. नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या क्षयावर पूर्वी जी इंजेक्शने देत, त्यांनी अनेकांची श्रवणशक्ती जाई. बेडाक्विलिनमुळे ती टाळता येऊ लागली. त्याचे मूळ पेटंट जुलै २०२३मध्ये संपणार होते. परंतु त्याच द्रव्याच्या एका क्षाररूपावर जॉन्सन अँड जॉन्सनने मागितलेल्या पेटंटाने मक्तेदारी २०२७पर्यंत लांबली असती. उपचारांत श्रवणशक्ती गमावलेल्या मुंबईच्या नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा तिसिले यांनी २०१९ साली हरकत घेतली. मार्च २०२३मध्ये मुंबईच्या पेटंट कार्यालयाने अर्ज फेटाळला. त्याच वर्षी ल्युपिनचे जेनेरिक आले, आणि जागतिक खरेदीत मूळ कंपनीचा सहा महिन्यांचा दर २८९ डॉलरवरून १३० डॉलरवर उतरला. आपल्याकडे हे औषध सरकारी क्षयकार्यक्रमातून विनामूल्य मिळते. तरी सरकारच्या तिजोरीला किंमत मोजावीच लागते.

सारा दोष पेटंटाचाच, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. आपल्या रानात ज्याची नित्य गरज पडते त्या सर्पविषावरील प्रतिविषाला पेटंटाचा अडसर नाही. ते घोड्यांच्या रक्तातून काढावे लागते. त्यासाठी सर्पविष हवे, घोड्यांचे पालन हवे. म्हणून बनविणारे मोजकेच. जेथे अडसर कायद्याचा, तेथे हरकत घेणारा नागरिक लागतो; जेथे अडसर निर्मितीचा, तेथे सरकारी प्रयोगशाळाच लागते. हा भेद ध्यानी घेतल्यावाचून महागाईवरील आपली तक्रार योग्य दारी पोहोचणार नाही.