एकच पाय सुजलाय? चोळू नका, आधी हे वाचा

पोटरी दुखली की आपल्याकडे पहिला उपाय म्हणजे तेल लावून चोळणे. पण एकाच पायाला सूज असेल, तर हा उपाय जिवावर बेतू शकतो. पायाच्या खोलवरच्या शिरेत रक्ताची गुठळी झालेली असू शकते. याला डीप व्हेन थ्रॉम्बोसिस किंवा डीव्हीटी म्हणतात. ही गुठळी सुटून फुप्फुसात गेली, तर तिथला रक्तप्रवाह अडतो.

गुठळी का होते?

पायातले रक्त हृदयाकडे ढकलायला पोटरीचे स्नायू मदत करतात. तासन्‌तास हालचाल नसेल, तर रक्ताचा वेग मंदावतो. शिरेला इजा होणे आणि रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढणे, ही आणखी दोन कारणे.

धोका कोणाला जास्त?

• खुबा किंवा गुडघ्याचे ऑपरेशन झालेले, अंथरुणाला खिळलेले रुग्ण
• गरोदर महिला आणि बाळंतिणी (प्रसूतीनंतर साधारण ६ आठवडे)
• कॅन्सरचे रुग्ण
• इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या महिला
• ४ तासांपेक्षा जास्त बसून प्रवास करणारे, विशेषतः वरीलपैकी एखादे कारण असल्यास

लक्षणे कशी ओळखाल?

एका पायाला सूज, पोटरी किंवा मांडीत दुखणे, त्या जागी त्वचा गरम लागणे, रंग बदलणे. पोटरीत गोळा आला तर तो सहसा काही मिनिटांत सुटतो; गुठळीचे दुखणे टिकून राहते. काहींना मात्र काहीच लक्षण जाणवत नाही.

अचानक दम लागला, छातीत दुखले, खोकल्यातून रक्त पडले किंवा चक्कर आली, तर थांबू नका. लगेच १०८ वर फोन करा.

तपासणी आणि उपचार

डॉपलर सोनोग्राफीत गुठळी दिसते. काही वेळा डी-डायमर ही रक्ततपासणीही करतात. रक्त पातळ करणारी औषधे साधारणपणे किमान ३ महिने घ्यावी लागतात. सूज उतरली म्हणून ती मनाने बंद करू नका.

टाळण्यासाठी काय कराल?

• मुंबई-नागपूरसारख्या लांबच्या प्रवासात गाडी थांबली की उतरून चाला.
• बसल्या जागी टाचा-चवडे वरखाली करा, पुरेसे पाणी प्या.
• ऑपरेशननंतर डॉक्टरांनी परवानगी देताच चालायला लागा.
• बाळंतिणीला विश्रांती हवीच, पण सव्वा महिना खाटेवर झोपवून ठेवू नका. घरातल्या घरात तिला फिरू द्या.
• दाब देणारे मोजे किंवा ॲस्पिरिन डॉक्टरांना विचारूनच वापरा.