कला शाखा (महाराष्ट्रातील महाविद्यालयीन)

भाषा-साहित्य, इतिहास, तत्त्वज्ञान, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र, समाजशास्त्र, मानसशास्त्र, भूगोल आदी विषयांचे पदवी व पदव्युत्तर शिक्षण देणारी विद्यापीठीय शाखा. विद्यापीठांच्या कागदपत्रांत ‘मानव्यविद्या’ असे नाव आढळते; विद्यार्थ्यांच्या तोंडी ‘आर्ट्स’. चित्र व शिल्प या कलांचे शिक्षण स्वतंत्र कलामहाविद्यालयांतून दिले जाते, त्याचा या नोंदीत विचार केलेला नाही.

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ साली झाली आणि १८६२ मध्ये पहिले बी.ए. बाहेर पडले. त्यांत महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे व वामन आबाजी मोडक हे चौघे होते. त्या काळची बी.ए. ही आजच्या अर्थाने ‘कलेची’ पदवी नव्हती. इंग्रजी, एक अभिजात भाषा, इतिहास, तर्कशास्त्र, नीतिशास्त्र यांच्या जोडीला गणितही तीत होते. लोकमान्य टिळक डेक्कन कॉलेजातून बी.ए. झाले ते गणित घेऊन. विज्ञानाची वेगळी पदवी रुळल्यावर उरलेल्या विषयांची मिळून हल्लीची शाखा झाली. दहावीनंतर ‘सायन्सला नंबर लागला नाही म्हणून आर्ट्स’ असे जे घरोघरी बोलले जाते, ते या शाखेच्या पूर्वार्धात कोणाला समजलेच नसते. सरकारी नोकरी आणि वकिली यांची वाट तेव्हा बी.ए.वरूनच जात होती.

या अभ्यासक्रमातल्या नीतिशास्त्राने महाराष्ट्राच्या वैचारिक इतिहासात मोठी उलथापालथ केली. मिल आणि स्पेन्सर यांच्या वाचनातून गोपाळ गणेश आगरकरांनी बुद्धिप्रामाण्याची बाजू उचलली. १८८५ मध्ये स्थापन झालेल्या फर्ग्युसन कॉलेजचे ते पुढे प्राचार्य झाले. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त टिळकांनी कांट, मिल, ग्रीन यांच्या मतांशी गीतेतील कर्मयोगाची तुलना करून नेमका उलट कौल दिला. दोघेही डेक्कन कॉलेजचे विद्यार्थी. पाश्चात्त्य नीतिविचाराचे तेच भांडवल घेऊन दोघे दोन टोकांना गेले. नीतिशास्त्र शिकवल्याने माणसे एकसाची होतात ही भीती निराधार ठरवायला एवढे उदाहरण पुरे.

मराठीची गोष्ट निराळी. १८६० च्या दशकात देशी भाषांना उच्च परीक्षांतून वगळून संस्कृत, फार्सी, लॅटिन यांसारख्या अभिजात भाषांना मान देण्यात आला. मराठी माणसाने मराठी सोडून बाकी सारे शिकावे अशी ही व्यवस्था रानड्यांनी मोडायला घेतली आणि मराठीची मागणी दीर्घ काळ नेटाने लावून धरली. १९०१ मध्ये एम.ए.च्या परीक्षेत मराठीला जागा मिळाली, पण त्याच वर्षी जानेवारीत रानडे वारले होते. मराठीतून उच्च शिक्षण हा तर पुढचा टप्पा. धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ मध्ये महिला विद्यापीठ काढले तेव्हा मातृभाषेचे माध्यम स्वीकारले. नामवंत महाविद्यालये इंग्रजीखेरीज वर्गात बोलत नव्हती त्या काळात हा निर्णय धाडसाचा होता, आणि कर्व्यांच्या कामाची चर्चा करताना त्याकडे व्हावे तितके लक्ष जात नाही.

शाखेचा विस्तार झाला तो नवी विद्यापीठे निघाली तसतसा : नागपूर (१९२३), पुणे (१९४९), मराठवाडा (१९५८), शिवाजी (१९६२). विस्ताराहून महत्त्वाचे ठरले ते कोण शिकू लागले हे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१२ मध्ये एल्फिन्स्टन कॉलेजातून बी.ए.ची परीक्षा उत्तीर्ण झाले. त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने मुंबईत सिद्धार्थ (१९४६) व औरंगाबादेत मिलिंद (१९५०) ही महाविद्यालये काढली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात १९४७ साली छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू केले. शेतावर राबून शिकणारी मुले तिथे पदवीधर झाली. मिलिंदच्या परिसराशी दलित साहित्याच्या घडणीचा जवळचा संबंध आहे. ‘अस्मितादर्श’ या नियतकालिकाचे संपादक गंगाधर पानतावणे हे तिथले प्राध्यापक. जे साहित्य तेव्हा कोणत्याही विद्यापीठाच्या पाठ्यक्रमात नव्हते, ते कला शाखेच्या अंगणात वाढले आणि मग पाठ्यक्रमाला त्याची दखल घ्यावी लागली.

प्रत्यक्ष अभ्यासाची रचना अनेक दशके ‘जनरल’ आणि ‘स्पेशल’ या जोडीवर उभी होती. पुणे विद्यापीठात एसवायला (दुसऱ्या वर्षाला) जी-२, एस-१, एस-२ आणि टीवायला (तिसऱ्या वर्षाला) जी-३, एस-३, एस-४ असे पेपर असत. ‘तुझं स्पेशल काय?’ हा कॅन्टीनमधला पहिला प्रश्न. मराठी स्पेशल घेणाऱ्याला कविता-कादंबरीनंतर साहित्यविचार आणि भाषाविज्ञान यांना सामोरे जावे लागे. भाषाविज्ञानाचा तास चांगल्या हाती पडला तर वर्गाचा नूर पालटतो. घरी ‘डोळा’ला ‘डोया’ आणि ‘काळा’ला ‘काया’ म्हणणारा खानदेशातला किंवा वऱ्हाडातला मुलगा तोवर उच्चाराबद्दल बोलणी खात आलेला असतो. ‘ळ’चा ‘य’ होणे हा त्या बोलीचा नियम आहे, चूक नव्हे, हे फळ्यावर मांडले गेले की पाठीमागच्या बाकावरून पटापट उदाहरणे येऊ लागतात.

परीक्षेने मात्र या शाखेचे नुकसान केले. ‘टीपा लिहा (कोणत्याही दोन)’ या प्रश्नाला चार-पाच मुद्दे, पाऊण पान, एवढे उत्तर ठरून गेले. चार्वाकांवरची टीप म्हणजे ‘प्रत्यक्ष हे एकमेव प्रमाण’ आणि त्याखाली ओळीने परलोक नाही, आत्मा नाही, वेद प्रमाण नाहीत. अनुमानच नाकारले तर धूर पाहून अग्नी आहे असे तरी कसे म्हणायचे, हा खरा झगडा गाईडमध्ये क्वचितच सापडतो. प्रश्नपेढीत तीनदा येऊन गेलेली टीप यंदा ‘नक्की येणार’ एवढ्यावर तत्त्वज्ञानाचा एक आख्खा पेपर निभावता येतो.

वर्गाबाहेर याची बरीच भरपाई झाली आहे. वक्तृत्व व वादविवाद स्पर्धा, भित्तिपत्रके, गॅदरिंग आणि पुण्यात महाराष्ट्रीय कलोपासक संस्थेने १९६३ मध्ये सुरू केलेली पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धा ही त्याची ठिकाणे. तिथे अभियांत्रिकीची मुले आर्ट्सवाल्यांना भारी पडतात हाही एक कौलच आहे.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार (२०२०) आता जनरल-स्पेशल जाऊन मेजर-मायनर, श्रेयांक आणि चार वर्षांची ऑनर्स पदवी आली असून भारतीय ज्ञान प्रणाली हा घटक सक्तीचा झाला आहे. विषय बदलण्याची मुभा वाढली, पण एकेका विषयाला मिळणारे तास तुकड्यातुकड्यांत विभागले गेले. पुष्कळ ठिकाणी अध्यापक तासिका तत्त्वावर नेमलेले असतात. वर्ग भरला नाही की तासिका जाते आणि विभागही. तत्त्वज्ञानाला हा फटका इतरांआधी बसतो.

महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या राज्यसेवा मुख्य परीक्षेतून २०१२ मध्ये वैकल्पिक विषय जाऊन तिला वस्तुनिष्ठ रूप आले होते. २०२५ पासून ती पुन्हा वर्णनात्मक झाली असून उमेदवाराला एक वैकल्पिक विषय घ्यावा लागतो. मराठी साहित्य, इतिहास, समाजशास्त्र, राज्यशास्त्र आणि तत्त्वज्ञान हे विषय त्या यादीत आहेत. नीतिशास्त्राचा स्वतंत्र पेपर सर्वांना सक्तीचा आहे.