जमिनीला रंग कोण देतं? पेण-रोह्याची गोष्ट

बचत गटाच्या बैठकीत जमिनीचा विषय निघाला की आपल्यातल्या निम्म्याजणी म्हणतात, "ते पुरुषांचं काम, सात-बारा तेच बघतात." म्हणून आज आम्ही थोडा इतिहास सांगणार आहोत. तो आपल्याच पेण आणि रोहा तालुक्यांचा आहे.

पेणच्या खाडीकाठची वाशी, वढाव, दादर ही गावं आठवा. इथली भातशेती समुद्राकडून मागून घेतलेली आहे. मातीचे बांध घातले, उघाड्या बसवल्या, भरतीचं पाणी बाहेर ठेवलं, पावसाच्या पाण्याने माती धुऊन गोडी केली आणि मग कुठे भात उभा राहिला. बांधाला खांड गेली की अख्खा गाव घमेली घेऊन धावायचा आणि त्यात बायका मागे नसायच्या. अशा जमिनीची देखभाल एकट्या घराला झेपत नाही, म्हणून 1948 साली तेव्हाच्या मुंबई सरकारने खार जमिनींसाठी वेगळा कायदा केला. पुढे 1979 साली महाराष्ट्राचा खारजमीन विकास कायदा आला. बांध सरकारी देखरेखीखाली गेले, पण दुरुस्ती वेळेवर झाली नाही की खारं पाणी आत शिरतं आणि दोन-चार वर्षांत तिथे तिवरं उगवतात. एकदा तिवरं आली की ती तोडता येत नाहीत, कारण 2005 साली मुंबई उच्च न्यायालयाने तिवरांना संरक्षण दिलं. ते योग्यच आहे. पण ज्या बाईच्या शेतात बांध फुटल्यामुळे तिवरं आली, तिची भातजमीन कागदावर शेती राहते आणि प्रत्यक्षात जंगल होते, हेही तितकंच खरं.

ही जमीन कोणाची, यावरही आपल्या जिल्ह्यात मोठं भांडण झालेलं आहे. तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात, शेजारच्या अलिबाग तालुक्यातल्या चरी गावी 1933 साली खोतांविरुद्ध कुळांनी संप पुकारला. नारायण नागू पाटील त्याचे पुढारी. खोतांची जमीन कसायची नाही, असं ठरवून लोक सुमारे सहा वर्षं अडून बसले. त्या काळात चुली कशा पेटल्या असतील, याची कल्पना आपणच करू शकतो. 1949 साली खोती रद्द करणारा कायदा झाला आणि 1 एप्रिल 1957 हा कूळ कायद्याचा कृषक दिन ठरला. कसणाऱ्याचं नाव कागदावर आलं. पण बहुतेक घरांत ते नाव पुरुषाचं होतं.

आता 2006 सालाकडे येऊ. केंद्राचा विशेष आर्थिक क्षेत्राचा, म्हणजे सेझचा, कायदा 2005 साली झाला होता. त्याखाली उरण, पनवेल आणि पेण या तीन तालुक्यांतल्या 45 गावांची सुमारे 10 हजार हेक्टर जमीन 'महामुंबई सेझ'साठी हवी होती. पुढाकार रिलायन्स समूहाचा, पण जमीन घेऊन द्यायची सरकारने, तीही 1894 च्या इंग्रजी अमदानीतल्या भूसंपादन कायद्याने. त्या कायद्यात आधी कलम 4 ची सूचना निघायची. मग हरकत घ्यायला फक्त 30 दिवस मिळायचे. नंतर कलम 6 ची घोषणा झाली की बोलायला फारशी जागा उरायची नाही.

पण त्याच कायद्यात एक खिडकी होती. घोषणेनंतर दोन वर्षांत निवाडा झाला नाही, तर सगळं संपादन आपोआप रद्द व्हायचं. वेळ काढणं हेही लढण्याचं साधन असतं, हे इथल्या लोकांना बरोबर कळलं. प्रा. एन. डी. पाटील, उल्का महाजन यांच्यासारखे कार्यकर्ते बरोबर होते. गावोगाव बैठका झाल्या, मोर्चे निघाले, आणि त्यात डोक्यावर पदर घेतलेल्या बायकांच्या रांगा होत्या. शेजारच्या उरणची आठवणही ताजी होती. सिडकोने नवी मुंबईसाठी घेतलेल्या जमिनीच्या मोबदल्यावरून जानेवारी 1984 मध्ये तिथे आंदोलन झालं होतं, गोळीबारात पाच शेतकऱ्यांचे प्राण गेले होते. त्याच लढ्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडांची योजना आली.

पेणच्या शेतकऱ्यांचा मुद्दा साधा होता. आमची गावं हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रात आहेत. धरण बांधताना पाणी शेतीला देऊ म्हणाला होतात. मग कालवे पुरे करण्याआधीच जमीन ओसाड कशी ठरवता? या मुद्द्यावरच सरकारला थांबावं लागलं. 21 सप्टेंबर 2008 रोजी पेण तालुक्यातल्या या लाभक्षेत्रातल्या 22 गावांत सरकारने शेतकऱ्यांचं मत घेतलं: जमीन सेझला द्यायची की नाही? जमीन संपादनाबद्दल असा प्रश्न सरकारने शेतकऱ्यांना विचारावा, हे देशात फार क्वचित घडलेलं आहे. सरकारने निकाल लगेच जाहीर केला नाही, पण विरोध किती मोठा होता हे लपून राहिलं नाही. 2009 साली मुदत संपली आणि संपादन बारगळलं.

इथे आम्ही जरा थांबतो, कारण या गोष्टीतला आपला भाग इथेच आहे. मत विचारलं गेलं ते जमिनीच्या खातेदारांना. मोर्चात चालणाऱ्या, लावणी-कापणी करणाऱ्या किती बायकांचं नाव सात-बाऱ्यावर होतं? ज्यांचं नव्हतं, त्यांना त्या दिवशी घरी बसावं लागलं. आमच्या मते या विजयाला लागलेलं गालबोट हेच.

रोह्याकडे गोष्ट वेगळी आहे. कुंडलिकेच्या काठी धाटावला औद्योगिक वसाहत अनेक वर्षांपासून आहे. पुढे दिल्ली-मुंबई औद्योगिक मार्गिकेत दिघी बंदराजवळच्या माणगाव, रोहा, तळा तालुक्यांतली गावं आली. इथली जमीन एमआयडीसीच्या 1961 च्या कायद्याने घेतली जाते. केंद्राच्या 2013 च्या नव्या भूसंपादन कायद्यात खासगी प्रकल्पासाठी 80 टक्के जमीनधारकांची संमती आणि सामाजिक परिणामांचा अभ्यास सक्तीचा केला, पण एमआयडीसीच्या कायद्याला ती अट लागत नाही. म्हणजे पेणला जे विचारलं गेलं, ते रोह्याला विचारायची सक्तीच नाही. नोटीस आली की ती कोणत्या कायद्याची, हे आधी वाचायचं ते यासाठी.

आणि नोटीस येण्याच्याही आधी नकाशा येतो. 1966 च्या प्रादेशिक व नगररचना कायद्याने प्रादेशिक आराखडे होतात. त्यात प्रत्येक गट नंबरला रंग असतो: हा हिरवा पट्टा, हा औद्योगिक, हा नागरी. एकदा रंग बदलला की जमिनीचा भाव, बिनशेतीची परवानगी, रस्ता, सगळं त्यामागून येतं. आराखड्याचा मसुदा जाहीर झाल्यावर हरकती आणि सूचना मागवतात, आणि त्या कोणीही देऊ शकतं. सात-बाऱ्यावर नाव नसलेली बाईसुद्धा. मार्च 2024 मध्ये उरण, पनवेल आणि पेणच्या 124 गावांसाठी एमएमआरडीएला नवनगर विकास प्राधिकरण नेमण्याची सूचना निघाली, तेव्हा हजारो लोकांनी हरकती लिहून दिल्या. आपल्या गटाने एक कागद लिहिला तर तोही त्यात मोजला जातो.

कातकरी वाड्यांचं मात्र नकाशावर नावच नसतं. पिढ्यान्‌पिढ्या राहतात, पण जमीन मालकाची. मालकाने ती विकली की कुंपण घरापर्यंत येतं. जमीन महसूल कायद्याच्या कलम 122 ने जिल्हाधिकारी गावठाणाची हद्द ठरवू शकतात. वाडीला गावठाण मागणारा ठराव ग्रामसभेत आणता येतो, आणि ग्रामसभेत बसायला सात-बारा लागत नाही.

नाव लावायचं असेल तर असं करा. वडील किंवा नवरा गेल्यावर तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे वारसनोंदीचा अर्ज द्या, पोच घ्या. फेरफाराची नोटीस निघाली की हरकतीला पंधरा दिवस असतात, तेवढ्यात चावडीवर जाऊन आपलं नाव त्यात आहे का ते वाचा. हक्कसोड पत्रावर भावाने सही मागितली, तर कागद घरी आणून कोणाकडून तरी वाचून घ्या. हिंदू वारसा कायद्याने 2005 पासून मुलीचा वाटा देशभर मुलाइतकाच आहे.