बिनकामाचे भाग

मोटारगाडीच्या इतिहासावर बोलायचं म्हटलं, की कोणी कोणता शोध लावला आणि कोणती गाडी कधी रस्त्यावर आली हे आपण सांगतो. आज मला त्याच्या उलट्या बाजूविषयी बोलायचं आहे. कारखान्यानं विचारपूर्वक बसवलेले काही भाग हौशी मालकांनी आणि गल्लीतल्या मिस्त्रींनी 'हे कशाला हवं?' म्हणून काढून टाकले. त्यांचाही एक इतिहास आहे, आणि तो आपल्या दारापर्यंत येतो.

आधी ओळखीचं उदाहरण घेऊ. थर्मोस्टॅट. ॲम्बेसेडर किंवा पद्मिनी ज्यांच्या घरी होती, त्यांनी गॅरेजातला हा सल्ला हमखास ऐकला असेल : 'साहेब, गाडी तापतेय ना? थर्मोस्टॅट काढून टाकू. तो थंड देशातल्या लोकांसाठी. आपल्याकडे त्याचं काय काम?' दोन बोल्ट सोडले, बोटभर उंचीची पितळी चकती बाहेर काढली, की काम झालं. गाडी पूर्वीसारखीच चालायची. मालक खूश, मिस्त्रीही खूश.

या चकतीत मेणाची एक छोटी डबी असते. इंजिनातलं पाणी ऐंशी-पंच्याऐंशी अंशांपर्यंत तापलं, की मेण वितळून फुगतं आणि झडप उघडते. तोवर पाणी रेडिएटरकडे जात नाही, त्यामुळे इंजिन लवकर गरम होतं. आता 'आपल्याकडे हवा गरम' या युक्तिवादाकडे पाहा. मे महिन्यातल्या नागपुरात पारा पंचेचाळीसवर गेला, तरी इंजिनाला हवे असतात ऐंशी-नव्वद अंश. आणि इंजिन खरोखर तापलं, तर झडप आपोआप उघडीच राहते. म्हणजे गाडी तापण्याचा दोष बहुधा तिचा नसायचा. विहिरीचं, बोअरचं जड पाणी वर्षानुवर्षं घातल्यामुळे रेडिएटरच्या नळ्यांत क्षार बसलेले असायचे. चकती काढली, की हा मूळ आजार काही दिवस झाकला जायचा, एवढंच.

याचा अर्थ मिस्त्री अडाणी होते असा मात्र नव्हे. थर्मोस्टॅट बिघडून बंद अवस्थेत अडकला, तर घाटात इंजिनाचं हेड वाकू शकतं, गॅस्केट जळू शकतं. चांगला सुटा भाग मिळवण्याची मारामार होती, त्या काळात बेभरवशाचा भाग ठेवण्यापेक्षा तो नसलेला बरा, हा हिशेब व्यवहाराचा होता. शिवाय जुन्या गाड्या त्याच्याविना धावल्याच होत्या. १९०८ ते १९२७ या काळात लाखोंनी विकल्या गेलेल्या फोर्डच्या मॉडेल टीमध्ये थर्मोस्टॅट नव्हता. बहुतेक गाड्यांत तर पाण्याचा पंपही नव्हता.

पण किंमत मोजावी लागायचीच. एक लिटर पेट्रोल जळलं, की साधारण एक लिटर पाणी वाफेच्या रूपानं तयार होतं. इंजिन थंड असलं, की त्यातली काही वाफ आतच थिजते आणि ऑइलमध्ये मिसळून गाळ होतो. न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतींवरचं ऑइल धुऊन काढतं आणि पिस्टनच्या रिंगा झिजतात. ॲव्हरेज घसरतं. हे एका दिवसात दिसत नाही. काही वर्षांनी इंजिन बोअरिंगला येतं, तेव्हा त्या चकतीची आठवण कोणालाच राहिलेली नसते.

इथे नुकसान निदान मालकाचंच होतं. पण काही भाग असे आहेत, की ते काढल्यावर नुकसान दुसऱ्याच कोणाचं तरी होतं. त्यांची गोष्ट अमेरिकेत सुरू झाली.

लॉस एंजेलिसच्या डोळे चुरचुरवणाऱ्या धुरक्याचं कारण आरी हागेन-स्मिट या मूळच्या डच रसायनशास्त्रज्ञानं १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला शोधलं. त्याआधी ते अननसाच्या स्वादाचा अभ्यास करत होते! मोटारींच्या धुरातल्या वायूंवर ऊन पडलं, की हे धुरकं तयार होतं, असं त्यांनी दाखवलं. त्यानंतर एकेक भाग गाड्यांवर येऊ लागला. इंजिनाच्या पोटातले वायू पूर्वी एका नळीतून थेट रस्त्यावर सोडले जात. ते परत सिलिंडरमध्ये नेऊन जाळणारी छोटी झडप कॅलिफोर्नियात १९६१च्या मॉडेलपासून आली. पुढे धुरात हवा सोडणारा पंप आला. १९७५च्या मॉडेलपासून बहुतेक अमेरिकी गाड्यांवर कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसला.

अमेरिकेतल्या हौशी मंडळींनी लगेच पाने उचलले. कोणी झडपेची नळी बुजवली, कोणी पंपाचा पट्टा उतरवला, कोणी कन्व्हर्टरच्या जागी साधा पाइप जोडला. शिशाचं पेट्रोल कन्व्हर्टर निकामी करतं, म्हणून नव्या गाड्यांच्या टाकीचं तोंड अरुंद केलेलं होतं. लोकांनी तेही मोठं केलं, कारण शिशाचं पेट्रोल स्वस्त होतं. 'या भागांनी गाडीची ताकद खाल्ली' ही त्यांची तक्रार. गंमत अशी, की त्याच सुमारास, १९७२च्या आसपास, तिथल्या कंपन्यांनी अश्वशक्ती मोजण्याची पद्धत बदलली होती. आधी इंजिन पंखा, सायलेन्सर वगैरे न जोडता मोजत, आता सगळं जोडून मोजू लागले. आकडे कागदावरच घसरले. इंजिनांचं कॉम्प्रेशनही कमी केलं होतं. दोन्हींचा राग मात्र पंपावर आणि कन्व्हर्टरवर निघाला.

ही उपकरणं काढायला तिथल्या गॅरेजांना १९७७ साली कायद्यानं बंदी झाली. गाडीचा मालक त्या बंदीत आला १९९०मध्ये. आपल्याकडे १ एप्रिल १९९५पासून चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कन्व्हर्टर सक्तीचा झाला, २०००मध्ये शिशाचं पेट्रोल देशभर थांबलं. आणि काही गॅरेजांतून जुनाच सल्ला नव्यानं ऐकू येऊ लागला : 'ती जाळी काढा, पिकअप वाढेल.' त्या जाळीत प्लॅटिनमसारखे मौल्यवान धातू असतात, भंगारात तिला चांगली किंमत येते, हे मात्र सल्ल्यात नसतं.

मला यातून एक गोष्ट महत्त्वाची वाटते. मिस्त्रीची कसोटी सोपी असते : भाग काढला तरी गाडी चालते का? चालली, तर भाग बिनकामाचा. पण थर्मोस्टॅटचं काम पाच वर्षांनंतरच्या मालकासाठी असतं आणि कन्व्हर्टरचं काम सिग्नलपाशी मागे उभ्या असलेल्या स्कूटरवाल्यासाठी, फुटपाथवरच्या शाळकरी मुलासाठी. ते दोघंही त्या वेळी गॅरेजात हजर नसतात. मग त्या भागाची बाजू मांडणार कोण?

मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी २०२३च्या ऑक्टोबरमध्ये निवृत्त झाली. उरलेल्या जुन्या गाड्या हौशी लोक प्रेमानं जपत आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. त्यांना माझं सांगणं एवढंच : हातात पाना घेतलात, की 'याच्याविना चालेल का?' एवढ्यावर थांबू नका. 'हा कोणासाठी बसवला होता?' हेही विचारा. उत्तर मिळेपर्यंत बोल्ट सोडू नका.